विद्यापीठ ग्रंथालयातील जतन व संवर्धन विभाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील विद्यापीठे आणि जुन्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत जतनाचा कार्यभार बहुधा ‘जुन्या पुस्तकांचे काहीतरी करा’ एवढ्याच आदेशासह एखाद्या सहायक ग्रंथपालाकडे येतो. अशा सहकाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

‘जतन’ आणि ‘संवर्धन’ असे दोन शब्द कशासाठी?

बोलताना हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु कामाची आणि पैशाची वाटणी करताना फरक पाळावा लागतो. संपूर्ण संग्रहाचे आयुष्य वाढावे म्हणून जे केले जाते ते जतन होय. छपराची गळती थांबवणे, दालनातील आर्द्रता आटोक्यात ठेवणे, कपाटे भिंतीपासून दूर घेणे आणि पुस्तक रॅकमधून कसे काढावे हे शिपायांना शिकवणे, हे सारे त्यात येते. एखाद्या विशिष्ट पोथीवर किंवा नकाशावर प्रशिक्षित व्यक्तीने केलेला उपचार म्हणजे संवर्धन. जतनाच्या एका निर्णयाचा लाभ लाखभर ग्रंथांना होतो, तर संवर्धनात एका पोथीला महिना लागू शकतो. विभागप्रमुखाचा वेळ त्यामुळे पहिल्या कामाकडे अधिक जायला हवा. प्रत्यक्षात उलट घडते, कारण दुरुस्त झालेले पुस्तक कुलगुरूंना दाखवता येते आणि न गळलेले छप्पर दाखवता येत नाही.

विभागप्रमुखाने स्वतः दुरुस्ती करायची असते का?

करता आली तर उत्तम. निदान खळ, कागदाचा धागा आणि शिवण यांची हाताला ओळख असावी, म्हणजे कोणी काही सांगितले तर ते खरे की खोटे हे कळते. पदाचे मुख्य काम मात्र कोणत्या पुस्तकाला सध्या हात लावायचा नाही हे ठरवण्याचे आहे.

या विचाराचा इतिहास सांगण्यासारखा आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीचा पूर इटलीतील फ्लॉरेन्स शहरात शिरला आणि तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाचे लक्षावधी ग्रंथ व नियतकालिके चिखलाखाली गेली. मदतीला जगभरातून माणसे आली. ब्रिटिश ग्रंथबांधणीकार पीटर वॉटर्स यांनी तेथे धुणे, वाळवणे, नोंद करणे आणि बांधणे अशी साखळी बसवली. १९७१ पासून ते वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होते आणि तेथे ‘टप्प्याटप्प्याने संवर्धन’ ही पद्धत रुजली. एका ग्रंथावर संपूर्ण उपचार करून शंभर ग्रंथ तसेच ठेवण्यापेक्षा शंभरही ग्रंथांना आधी नीट मापाची, आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी द्यावी, त्यांची पडझड थांबवावी, आणि मग कोणाला खरोखर उपचार हवा ते निवांत ठरवावे, असा तिचा सारांश आहे. आपल्याकडच्या तुटपुंज्या मनुष्यबळाला याहून सोयीची पद्धत मला माहीत नाही.

याखेरीज विभागप्रमुखाने इमारत समितीच्या बैठकीला बसले पाहिजे आणि विद्यापीठाच्या अभियंत्याशी सख्य ठेवले पाहिजे. मे महिन्यात गच्चीवरची पन्हळे कोणी साफ केली, याची सही त्याच्याकडे असली पाहिजे.

नवा विभाग सुरू करायचा आहे. पहिल्या वर्षी काय करावे?

यंत्रे घेऊ नयेत, पाहणी करावी. सगळी पुस्तके तपासायची गरज नसते. कितीही मोठ्या संग्रहातून यादृच्छिक पद्धतीने सुमारे ३८५ ग्रंथ निवडले, तर ९५ टक्के खात्रीने, पाच टक्क्यांच्या फरकात राहील इतके चित्र मिळते. म्हणून चारशे पुस्तके घ्यावीत. प्रत्येकाची बांधणी सुटली आहे का, पानाचा कोपरा दोनदा मागे-पुढे दुमडल्यावर तुटतो का, कसरीच्या किंवा वाळवीच्या खुणा आहेत का, पूर्वी चिकटपट्टी लावली आहे का आणि समास बांधणीत कापला गेला आहे का, एवढ्या नोंदी पुरतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाने १९८० च्या दशकात आपल्या ग्रंथालयांतील ३६ हजारांहून अधिक ग्रंथ तपासून अशीच पाहणी केली आणि तिच्यामुळे आम्लयुक्त कागदाचा प्रश्न आकड्यांत मांडता आला. अंदाज समितीसमोर ‘पुस्तके खराब होत आहेत’ या वाक्यापेक्षा ‘दर शंभरांतील इतकी पाने दुमडताच तुटतात’ हे वाक्य अधिक चालते.

पाहणीच्या जोडीला तापमान व आर्द्रता नोंदवणारी छोटी उपकरणे दालनात ठेवून वर्षभराचा आलेख मिळवावा. एका पावसाळ्याच्या नोंदी हाती असल्याशिवाय कोणताही मोठा खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे.

दीडशे वर्षांपूर्वीच्या पोथीचे पान लवचीक असते आणि साठ वर्षांपूर्वीच्या कादंबरीचे पान हातात मोडते. असे का?

वयापेक्षा कागद महत्त्वाचा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात किंवा जुन्नरला जो हातकागद होत असे, तो चिंध्या, ताग अशा लांब धाग्यांच्या मालापासून बनवत आणि घोटून गुळगुळीत करत. युरोपातही अठराव्या शतकाअखेरपर्यंत कागद चिंध्यांचाच होता. दोन बदलांनी हे चित्र पालटले. १८०७ मध्ये मॉरिट्झ इलिग या जर्मन कारागिराने कागदाला शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी यांची खळ लगद्यातच मिसळण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे १८४० च्या दशकात लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली. तुरटीमुळे कागदात आम्ल निर्माण होते आणि हवेतील ओलाव्याच्या साहाय्याने ते कागदाचा धागा ज्याचा बनतो त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहते. दळलेल्या लाकडातील लिग्निन हा घटक उजेडात पिवळे पडते आणि स्वतःही आम्ल सोडते. धागा मुळातच आखूड, त्यात हा क्षय, म्हणून पान मोडते.

परिणामी, १८३२ मध्ये सुरू झालेल्या ‘दर्पण’च्या काळातील कागद शतकानंतरच्या वृत्तपत्रापेक्षा सामान्यतः बऱ्या स्थितीत सापडतो. आपल्या संग्रहांतील खरी आणीबाणी साधारणपणे १८८० ते १९८० या शंभर वर्षांच्या मराठी छापील साहित्यात आहे. नियतकालिके, शालेय पुस्तके, नाटकांच्या पुस्तिका, आणि दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईत मिळेल त्या कागदावर छापलेली पुस्तके हा त्यातला सर्वांत नाजूक भाग. पोथीचे महत्त्व सर्वांना पटते. १९४३ सालच्या मासिकाच्या अंकासाठी मात्र भांडावे लागते, आणि तो अंक अनेकदा दुसरीकडे कोठेही नसतो.

कागदातील आम्ल काढून टाकता येते का?

येते. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमची अल्कधर्मी संयुगे पाण्यातून किंवा अन्य द्रावातून कागदात मुरवली की आम्ल निष्प्रभ होते आणि पुढच्या आम्लासाठी थोडा साठाही उरतो. परंतु तुटलेल्या साखळ्या त्यामुळे जुळत नाहीत; मोडणारे पान मोडतच राहते. म्हणून हा उपचार अजून बळकट असलेल्या कागदाला द्यायचा असतो, आणि लोक तो नेमका चुरा झालेल्या कागदाला द्यायला सांगतात. विद्यापीठाने स्वतःची प्रकाशने तरी कायमस्वरूपी कागदावर छापावीत. आयएसओ ९७०६ हे १९९४ चे मानक त्यासाठीच आहे आणि त्यात सामू (पीएच) ७.५ ते १० असावा, तसेच किमान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटइतका अल्कधर्मी साठा असावा, असे म्हटले आहे. पदवीदान समारंभावर होणाऱ्या खर्चाच्या तुलनेत हा फरक नगण्य आहे.

दालनात तापमान आणि आर्द्रता किती असावी? वातानुकूलन हवेच का?

पुस्तकांत ‘२० अंश सेल्सिअस आणि ५० टक्के’ असे वाचायला मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेर ८० टक्क्यांहून अधिक आर्द्रता असलेल्या मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात हे आकडे भिंतीवर लावण्यापुरते राहतात. व्यवहारात तीन गोष्टी सांभाळाव्यात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांच्या वर राहू देऊ नये, कारण त्यापुढे बुरशीचा धोका वाढत जातो. चढउतार सावकाश असावेत. आणि तापमान जितके कमी ठेवता येईल तितके बरे, कारण दर पाच अंशांच्या वाढीला कागदाच्या रासायनिक क्षयाचा वेग साधारण दुप्पट होतो असे मानले जाते.

आता वातानुकूलनाविषयी. सकाळी दहाला सुरू आणि सायंकाळी सहाला बंद, ही आपल्याकडची सर्वांत महागडी चूक आहे. दिवसभर थंड झालेली पुस्तके आणि लोखंडी रॅक रात्री बाहेरून येणाऱ्या दमट हवेच्या संपर्कात येतात, आणि थंड पाण्याच्या तांब्यावर जसे थेंब जमतात तसा ओलावा त्यांच्यावर जमतो. सकाळी यंत्र पुन्हा सुरू होते आणि हे चक्र रोज चालते. चोवीस तास चालवणे परवडत नसेल, तर वातानुकूलन न लावता पंख्यांनी हवा खेळती ठेवणे, पावसाळ्यात खिडक्या बंद करून आर्द्रता शोषणारे यंत्र चालवणे आणि त्यातले पाणी रोज ओतणे हे अधिक हिताचे. जुन्या दगडी इमारतींच्या जाड भिंती आणि उंच छते तापमान बरेचसे स्थिर ठेवतात. मराठवाडा आणि विदर्भातील सहकाऱ्यांची अडचण वेगळी आहे. तेथे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की चामड्याची व कापडाची बांधणी आक्रसते आणि पुठ्ठे वाकतात. मुंबईचा सल्ला तेथे जसाच्या तसा लागू करू नये.

कसर आणि वाळवीसाठी डांबराच्या गोळ्या, वेखंड किंवा कडुलिंबाची पाने ठेवावीत का?

वेखंड आणि कडुलिंबाच्या पुरचुंड्या पानांना न लागता ठेवल्यास नुकसान नाही, परंतु त्यांच्या भरवशावर राहू नये. डांबराच्या गोळ्या किडीला फार तर दूर ठेवतात, पुस्तकात शिरलेली कीड मारत नाहीत. शिवाय त्यांतील नॅप्थलीन माणसाच्या दृष्टीने संशयित कर्करोगकारक मानले जाते आणि त्या दालनात आपला कर्मचारी आठ तास बसतो. आम्ही त्या बंद केल्या.

कीड मारण्याचा निर्धोक उपाय थंडीचा आहे. १९७७ मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात दुर्मीळ ग्रंथांना भुंगेऱ्यांनी पोखरल्याचे दिसले, तेव्हा तेथील कीटकशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून ते ग्रंथ पिशव्यांत बंद करून गोठवण्यात आले, आणि तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ झाली. ग्रंथ हवाबंद पॉलिथिनच्या पिशवीत घालून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर दालनाच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे किमान एक दिवस, पिशवी उघडू नये. घाईने उघडल्यास दव पुस्तकावर बसते. छायाचित्रांच्या काचा आणि रंगवलेली चित्रे मात्र अशी गोठवू नयेत.

वाळवीचे दुखणे पुस्तकाचे नसून इमारतीचे आहे. रॅक भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावेत, तळमजल्याच्या कोपऱ्यांत मातीच्या नळ्या दिसतात का ते दर आठवड्याला पाहावे, आणि कर्मचाऱ्यांचा चहा-नाश्ता दालनाबाहेर हलवावा. या शेवटच्या सूचनेला सर्वाधिक विरोध होतो.

पोथ्या आणि मोडी कागदपत्रे यांच्यासाठी वेगळे काय करावे?

लेखनिक पोथीच्या शेवटी जो श्लोक लिहीत, त्यात पोथी स्वतः विनवणी करते की तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून मला राखा, आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. जतनाचे इतके नेमके धोरण आजच्या परिपत्रकांतही क्वचित आढळते. सैल बांधणीचा उल्लेख विशेष लक्षात घ्यावा. सुटी पाने दोन फळ्यांमध्ये घट्ट, पण न दाबता बांधली की ती आर्द्रतेने सुरकुतत नाहीत आणि आत कीड व धूळ कमी शिरते. पोथी गुंडाळण्याच्या बस्त्यासाठी लाल कापडच हवे असे नाही. कच्च्या रंगाचे कापड भिजले तर रंग पानांत उतरतो. धुऊन खळ काढलेले मांजरपाट सर्वांत चांगले. पेशवे दफ्तरातील कागद ‘रुमालां’त बांधण्याची जुनी पद्धत टाकाऊ नव्हती, फक्त आतील कागदांच्या घड्या उघडून ते सपाट ठेवणे आज आपल्याला शक्य आहे.

शाई ओळखल्याशिवाय पाणी लावू नये. मोडी कागदांतील काजळीची शाई उजेडाने फिकी होत नाही, परंतु तिच्यातील डिंक पाण्यात विरघळतो आणि अक्षर फासले जाते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वहीखात्यांत लोहयुक्त शाई आढळते. ती कागदच खात जाते आणि जाड अक्षरांच्या जागी जाळी पडते. संस्कृत आणि मराठी पोथ्यांत चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी पिवळा हरताळ लावत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे संयुग आहे, हे ध्यानात ठेवून अशी पाने हाताळताना हातमोजे घालावेत, ती पाने झाडताना धूळ श्वासात जाऊ देऊ नये आणि नंतर हात धुवावेत.

पंचाहत्तर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक, वैज्ञानिक किंवा साहित्यिक मोलाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत येतात. परदेशी प्रदर्शनासाठी किंवा उपचारासाठी ती पाठवण्याचा प्रस्ताव आला तर आधी विद्यापीठाच्या विधी कक्षाकडून लेखी मत घ्यावे.

फाटलेल्या पानांना लॅमिनेशन किंवा पारदर्शक चिकटपट्टी चालेल का?

नाही. चिकटपट्टीतील गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, तपकिरी डाग पडतो, आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. लॅमिनेशनचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी उष्णतेने, आणि आपल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ॲसिटोनच्या साहाय्याने हातानेच, सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पडदा कागदावर चढवण्याची पद्धत एके काळी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. हे काम करणारे लोक त्यांच्या काळातले उत्तम जाणकार होते. तरीही तो पडदा पुढे स्वतःच बिघडू लागला आणि काढणे जिकिरीचे झाले. त्यामुळे जे पुढच्या पिढीला सहज काढता येणार नाही ते आज लावायचे नाही, हा दंडक पडला. फाटलेल्या जागी पातळ जपानी किंवा नेपाळी हातकागदाची पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते. ती ओलाव्याने सुटते.

बाहेरच्या बाइंडरला काम द्यावे का?

पाठ्यपुस्तकांसाठी आणि एरवी बाजारात मिळणाऱ्या ग्रंथांसाठी जरूर द्यावे. दुर्मीळ विभागातील एकही पुस्तक देऊ नये. बाइंडर चांगले कारागीर असतात, परंतु त्यांना आपण दर पुस्तकामागे पैसे देतो आणि लवकर मागतो. मग ते समास कापून कडा एकसारख्या करतात, फर्म्यांच्या, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या, घडीतून शिवण्याऐवजी बाजूने आरपार टोचतात, आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. कापलेल्या समासाबरोबर पूर्वीच्या वाचकाच्या टिपा जातात, टोचलेले पुस्तक सपाट उघडत नाही आणि वाचक ते दाबतो तेव्हा जुने पान मोडते, आणि मोरचुदातील तांबे कागदाचा क्षय वाढवते. निविदेत ‘समास कापू नये, फर्म्यांतून शिवावे, खळीत मोरचूद घालू नये’ ही तीन वाक्ये घातली आणि दर थोडा वाढवला, तर फरक दिसतो.

दालनात पाणी शिरले तर पहिल्या दोन दिवसांत काय करावे?

उत्तर पाणी शिरण्याच्या आधीच्या दिवसांत आहे. १२ जुलै १९६१ चे पानशेत आणि २६ जुलै २००५ ची मुंबई, जेव्हा सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, यांच्यानंतरही दुर्मीळ संग्रह तळमजल्यावर किंवा शौचालयाच्या खालच्या खोलीत ठेवणारी ग्रंथालये मी पाहिली आहेत.

भिजलेल्या पुस्तकांवर ४८ ते ७२ तासांत बुरशी दिसू लागते. वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्यावरच आत जावे. फुगलेली पुस्तके रॅकमधून ओढून काढू नयेत आणि उघडूनही पाहू नयेत. गुळगुळीत आर्ट पेपरवरची पुस्तके, ज्यांत आपल्या दिवाळी अंकांची रंगीत पाने मोठ्या संख्येने येतात, सर्वांत आधी हलवावीत. तो कागद वाळताना एकमेकांना चिकटून विटेसारखा घट्ट होतो आणि मग काहीही करता येत नाही. थोडी ओली पुस्तके उभी करून, पाने पंख्यासारखी उघडून वाळवावीत. ऊन दाखवू नये. काही शेकड्यांहून अधिक पुस्तके भिजली असतील तर ती गोठवून वेळ विकत घ्यावा लागतो. त्यासाठी जवळच्या आइस्क्रीमच्या किंवा मासळीच्या शीतगृहाशी जूनच्या आत लेखी बोलणे करून ठेवावे. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीला बंदी असल्यामुळे मासळीच्या शीतगृहात नेमकी त्याच वेळी जागा असण्याची शक्यता अधिक.

१८ एप्रिल २०२१ रोजी डोंगरावरचा वणवा पसरून केप टाउन विद्यापीठाचे जॅगर वाचनालय जळाले. अग्निरोधक दारे वेळेवर बंद झाल्याने आग तळघरातील भांडारांपर्यंत गेली नाही, परंतु ती विझवताना मारलेले पाणी मात्र तेथे साचले. नंतरच्या काही आठवड्यांत स्वयंसेवकांनी क्रेटमागून क्रेट बाहेर काढले. आपल्या आपत्ती आराखड्यात ‘आग’ आणि ‘पाणी’ ही दोन वेगळी प्रकरणे असतात. ती एकत्र लिहावीत.

डिजिटायझेशन झाल्यावर मूळ प्रती काढून टाकाव्यात का?

अजिबात नाही. स्कॅन ही प्रत आहे, आणि तीही दर काही वर्षांनी नव्या साठवणीवर हलवावी लागणारी. कागद दुर्लक्षित कपाटात पन्नास वर्षे राहू शकतो. हार्ड डिस्क राहत नाही. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, त्यांतील एक दुसऱ्या शहरात, आणि फाइल बदलली नाही हे तपासणारा चेकसम दर वर्षी जुळवणे, एवढे तरी हवे. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा ‘दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी’ या नियमाचा अर्थ आपल्या सर्वांना कळायला हवा होता.

हक्कांचा प्रश्न निराळा आहे. कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, मूळ प्रत आपल्याकडे असल्यास, जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवण्याची मुभा दिली आहे. ती मुभा साठवणुकीची आहे. संकेतस्थळावर टाकण्याची नव्हे. विद्यापीठाचे स्वतःचे प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जातात, म्हणून त्यांची काळजी मिटली असे समजू नये, २००९ पूर्वीचे टंकलिखित प्रबंध अनेकदा एकुलती एक प्रत असतात आणि त्यांच्या कार्बन प्रती पुसट होत आहेत. स्कॅनिंगच्या रांगेत ते मी पोथ्यांच्याही आधी ठेवीन.

पांढरे सुती हातमोजे सक्तीचे करावेत का?

छायाचित्रांसाठी मोजे वापरावेत, मात्र सुती नको, नायट्राइलचे घ्यावेत. हरताळाची पाने सोडली तर कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हात बरे, कारण सुती मोज्यात बोटांना पानाची जाणीव राहत नाही आणि पान फाटते.

प्रशिक्षण कोठे मिळते?

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख अध्ययन शाळेत दीर्घ आणि अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधान प्रयोगशाळा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील संवर्धन केंद्र यांच्याशीही संपर्क ठेवावा. ग्रंथालयशास्त्राच्या पदवीत हा विषय एखाद्या घटकापुरता असतो, त्यामुळे उमेदवार निवडताना गुणपत्रिकेपेक्षा हाताच्या कामाची चाचणी घ्यावी. एखादे फाटके पान आणि खळीची वाटी समोर ठेवली की पंधरा मिनिटांत बरेच काही कळते.

दिवंगत प्राध्यापकांच्या घरून देणगीची पुस्तके येतात. ती थेट दालनात ठेवावीत का?

ठेवू नयेत. प्रवेशद्वाराजवळ, मुख्य संग्रहापासून दूर, एक खोली राखून ठेवावी. तेथे खोकी उघडून प्रत्येक पुस्तकाची कणेपट्टी आणि आतला पुठ्ठा पाहावा. बारीक भुकटी, पोखरलेली वाट किंवा कुबट वास आढळला तर पुस्तक थेट पिशवीत घालून गोठवण्याच्या रांगेत लावावे. बाकीची पुस्तकेही तीन आठवडे तेथेच राहू द्यावीत, कारण कसरीची अंडी पहिल्या दिवशी दिसत नाहीत. देणगीदारांच्या घरच्यांना हा विलंब अपमानास्पद वाटू शकतो, म्हणून पुस्तके स्वीकारतानाच या खोलीचे कारण त्यांना समजावून सांगावे आणि पोचपावतीवर छापावे.